फळमाशीच्या बारकोडिंगमध्ये (डीएनएच्या तुकड्यावरून प्रजाती ओळखण्यात) नवीन असशील तर

पीसीआरचं (डीएनएच्या प्रती वाढवायच्या पायरीचं) टेन्शन नंतर घे, आधी फळातून अळी निघाली की सरळ ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाक, फॉर्मॅलिन अजिबात नको, डीएनएची पार वाट लागते. पूर्ण वाढलेली माशी असेल तर एक पाय पुरतो, बाकी अंग जपून ठेव, उद्या कुणी शंका काढली तर पाठीवरचे पिवळे पट्टे दाखवायला तेच लागतं.

सीओआय या जनुकाचा ६५८ बेसचा तुकडा बहुतेक वेळा काम भागवतो पण डोर्सॅलिस आणि कॅरम्बोली या जवळच्या प्रजाती समोर आल्या की गंडतो, तिथे आयटीएस१ हा डीएनएचा दुसरा भाग पण लाव. आणि डेटाबेसमध्ये ९९ टक्के मॅच दिसला म्हणून लगेच रिपोर्ट लिहायला बसू नकोस, जुन्या एन्ट्रीत पपायी, इन्व्हाडेन्स अशी नावं भेटतील, २०१५ मध्ये ती डोर्सॅलिसमध्येच घातलीत. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये (डीएनए न टाकलेल्या नळीत) बँड दिसला, म्हणजे कुठून तरी डीएनए मिसळला, तर अख्खी बॅच परत लाव, कंटाळा आला तरी.