एन्क्रिप्शनमुळे सर्व्हिस स्लो झालीये, कुठे हात घालू?

प्रश्न: आमची जुनी सोप (एक्सएमएल मजकुरात मेसेज पाठवायची पद्धत) वेब सर्व्हिस पतसंस्थांचे व्यवहार बँकेकडे पाठवते. पॉलिसीत (सर्व्हिसच्या सुरक्षेच्या नियमांत) अख्खा मेसेज साइन आणि एन्क्रिप्ट होतो, अल्गोरिदम सूट (एन्क्रिप्शन-सहीच्या पद्धतींचा ठरलेला संच) बेसिक २५६. महिनाअखेरीला सीपीयू पार वर जातो. साहेब म्हणतात बेसिक १२८ करा, नाहीतर एन्क्रिप्शनच काढा. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर: एन्क्रिप्शन अजिबात काढू नका, लोकांच्या कष्टाचे पैसे आहेत ते. आणि १२८ करून फारसं काही हाती लागणार नाही, कारण या सूटमध्ये मजकूर एन्क्रिप्ट करते ती एईएस पद्धत, आणि एईएस १२८ ला १० राउंड (फेऱ्या) लागतात न् २५६ ला १४, फरक तेवढाच, त्यात इंटेलने २०१० पासून सर्व्हर प्रोसेसरमध्ये एईएससाठी वेगळ्या इन्स्ट्रक्शन्स दिल्यात.

सीपीयू खातंय ते आरएसए (पब्लिक आणि प्रायव्हेट अशा दोन कींची पद्धत) आणि एक्सएमएल. बघा, प्रत्येक मेसेजमागे आलेली सेशन की (त्या मेसेजपुरती एईएसची की) उघडायला तुमची प्रायव्हेट की लागते, उत्तरावर सही करायला परत लागते, सहीच्या आधी सगळा एक्सएमएल नेमस्पेससकट (टॅग कुठल्या गटातला ते सांगणाऱ्या नावांसकट) ठरलेल्या रूपात लिहून काढावा लागतो, वर एन्क्रिप्ट झालेला मजकूर बेस ६४ मध्ये (साध्या अक्षरांच्या रूपात) जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगतो. तुमच्या सर्टिफिकेटची की ४०९६ बिटची आहे का हे आधी बघा, २०४८ पेक्षा तिची सही कित्येक पटीने महाग पडते.

तुमच्या आणि बँकेच्या मधे मेसेज उघडणारा कुणी नसेल तर मी एन्क्रिप्शन टीएलएसवर (एचटीटीपीएसमागे असतं तेच, अख्खं कनेक्शन एन्क्रिप्ट करणारं) सोपवीन, शक्यतो १.३ वर, आणि कनेक्शन उघडं ठेवीन म्हणजे दर वेळी हँडशेक (सुरुवातीची की ठरवायची देवाणघेवाण) नको. हे फक्त वेगासाठी नाही बरं का, बेसिक २५६ सूट एईएस सीबीसी मोडमध्ये (प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याशी जोडून एन्क्रिप्ट करायची रीत) वापरते आणि २०११ मध्ये जर्मनीतल्या यागर आणि सोमोरोव्स्की यांनी दाखवलं की सर्व्हरच्या एरर बघत बघत असा एक्सएमएल की नसतानाही उलगडता येतो, १२८ केलं तरी तो धोका तसाच राहतो. मेसेजमध्ये सही तेवढी ठेवा, बॉडी न् टाइमस्टॅम्पवर.

टीएलएस जमत नसेल तर सिक्युअर कॉन्व्हर्सेशन (सोपमधलीच सोय, दोघांनी एक सामायिक की ठरवून पुढचे मेसेज तिच्यावर चालवायचे), त्यात आरएसए सुरुवातीला एकदाच होतं. पण मग प्रत्येक मेसेजवर तुमची स्वतःची सही राहत नाही, उद्या व्यवहारावरून वाद झाला तर पुरावा म्हणून बँकेला ती लागेल का ते आधी लेखी विचारून घ्या.

ट्रिपल डीईएसच्या (एईएसच्या आधीची जुनी एन्क्रिप्शन पद्धत) वाटेला जाऊ नका, ते कमजोरही आहे आणि एईएसपेक्षा स्लोही. पॉलिसी दोन्हीकडे सारखी लागते, म्हणून बदल बँकेच्या टेस्ट सर्व्हरवर आधी करा, एका वेळी एकच.