शाळेच्या ग्रंथालयातली कोणती कामं ग्रंथपालाची आणि कोणती संगणक विभागाची?

तुमचा प्रश्न मला असा समजला: ऐरोलीतल्या तुमच्या शाळेत ग्रंथालयासाठी कोहा हे सॉफ्टवेअर बसवलं, वाचनाच्या तासाला टॅब आले, आणि तेव्हापासून काहीही अडलं की ग्रंथपाल बाई संगणक शिक्षकांकडे बोट दाखवतात आणि सर बाईंकडे. पर्यवेक्षिका म्हणून तुम्हाला दोघांची हद्द लेखी आखून द्यायची आहे.

मी ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला एका शाळेत ग्रंथपाल आहे. माझा कल कुणाकडे असेल ते धरूनच वाचा.

वस्तूंवरून वाटणी करू नका. ‘पुस्तकं बाईंची, वायर असलेलं सगळं सरांचं’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण आता दाखल नोंदवहीच, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती वहीच, संगणकात गेली आहे. वाटणी निर्णयांची करा. यंत्रणा चालू ठेवणं संगणक विभागाकडे. तिच्यात काय भरायचं, कुणाला किती दिवस द्यायचं आणि कुणाला काय दाखवायचं नाही, हे ग्रंथपालाकडे.

कोहा लिनक्सवर चालतं. सर्व्हर, नवी आवृत्ती, नेटवर्क यात ग्रंथपालाने डोकं घालावं अशी अपेक्षा ठेवू नका. पण पाचवीच्या मुलाला एका वेळी किती पुस्तकं, दिवाळीच्या सुट्टीत परतीची तारीख कधीची, दंड लावायचा की नाही, हे संगणक शिक्षकांनी ठरवायचं नाही. कोहात ‘सुपरलायब्रेरियन’ नावाचा सर्वाधिकार असतो. पुष्कळदा तो बसवून देणाऱ्याकडेच राहतो आणि बाईंना फक्त देवघेवीचं लॉगिन मिळतं. मग एक तारीख बदलायची तरी फोनाफोनी. तुमच्याकडे हा अधिकार कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. निम्मा वाद तिथेच असेल.

विद्यार्थ्यांची यादी दर जूनमध्ये कार्यालयातून येते आणि ती आत चढवणं सरांचं काम. पण सभासद क्रमांक म्हणून हजेरी क्रमांक घेऊ नका, जी.आर. नंबर (शाळेच्या जनरल रजिस्टरमधला, प्रवेशाच्या वेळी मिळालेला क्रमांक) घ्या. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो, आणि मग गेल्या वर्षीची थकलेली पुस्तकं भलत्याच मुलाच्या नावावर दिसतात.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती मराठी नोंदींवरून, आणि त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. जुन्या याद्या युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्यांचं रूपांतर करणारा प्रोग्राम सर चालवतील, पण बाहेर आलेलं मराठी तपासणं ग्रंथपालाचंच. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झालेला प्रोग्रामला कळत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. शिवाय हा ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधताना मात्र वेगळे ठरू शकतात. मूल शोधतं, पुस्तक मिळत नाही, तक्रार जाते ‘सॉफ्टवेअर बिघडलं’ म्हणून, आणि सर बिचारे सर्व्हर तपासत बसतात. परदेशी ग्रंथालयांतून उतरवून घेतलेल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी बहुधा रोमन लिपीत येतात, त्याही हाताने देवनागरीत कराव्या लागतात. लेखकाच्या नावाचंही तसंच. मुलं ‘कुसुमाग्रज’ शोधणार आणि नोंद ‘शिरवाडकर, वि. वा.’ अशी असेल, तर दोन्ही नावं जोडायला ग्रंथपालच हवा. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६ला येतं हे संगणक शिक्षकाला माहीत नसेल तर त्यात त्याचा काही दोष नाही.

बॅकअप सर घेतील. पण तो उघडतो का, हे वर्षातून एकदा तरी दुसऱ्या संगणकावर उतरवून बाईंना दाखवावं. एप्रिलमधल्या साठा तपासणीच्या आधी केलेलं बरं. पावसाळ्यात नेट गेलं की देवघेव वहीत लिहायची आणि नंतर चढवायची, हेही बाईंचं. तेवढ्यासाठी कुणाला बोलवायला नको.

टॅबवर तुमचे बाई-सर सगळ्यात जास्त अडतील, आणि त्याचं कारण तंत्रज्ञानाचं नाही, वसुलीचं आहे. टॅब जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये) ज्याच्या नावावर, हरवल्यावर विचारणा त्यालाच. मी म्हणेन, जडसंग्रहात ते संगणक विभागाकडे ठेवा. चार्जिंग, दुरुस्ती, ॲप टाकणं त्यांचं. देणं-घेणं मात्र ग्रंथालयातून पुस्तकासारखं बारकोड लावून करा, म्हणजे कुठला टॅब कुणाकडे होता याचा माग राहतो. हरवल्यास काय करायचं ते शाळेने आधीच लिहून ठेवावं. एकट्या बाईंच्या पगारावर ते ढकलणार असाल तर टॅब कपाटातच राहतील, आणि त्यांचं काही चुकणारही नाही.

इंटरनेटवरची नको ती पानं अडवणारी गाळणी (फिल्टर) सर बसवतील, पण अपवाद त्यांनी एकट्याने ठरवू नयेत. दहावीच्या विज्ञान भाग २मध्ये प्रजनन आहे. शब्द पाहून अडवणारी गाळणी नेमकी तीच पानं अडवते. कुठली साइट खुली करायची हे विषयशिक्षक आणि ग्रंथपाल यांनी सांगावं, सरांनी ती खुली करावी.

मुलाने काय वाचलं याची यादी वर्गशिक्षक किंवा पालक कधीकधी मागतात. ही यादी तांत्रिकदृष्ट्या सरांनाही दिसू शकते, पण ती द्यायची की नाही हा निर्णय ग्रंथपाल आणि मुख्याध्यापक यांचा. पुस्तक परत आल्यावर ती नोंद निनावी करण्याची सोय कोहात आहे. ती चालू करायला बाईंनी सांगावं, सरांनी करून द्यावी. बाहेरच्या एखाद्या वाचन-ॲपवर मुलांची नावं, फोन नंबर चढवण्याआधी तर नक्की थांबा: डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३च्या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे, आणि त्याची माहिती वापरायला साधारणपणे पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. इथे दोघांपैकी कुणीही एकट्याने ‘हो’ म्हणू नये.

पासवर्डचं एकच सांगते. देखभालीचं कंत्राट असलेला माणूस बदलला की पासवर्ड त्याच्याबरोबर जातात. सगळे लिहून पाकिटात, मुख्याध्यापकांच्या कपाटात.

आणि हे सगळं एका पानावर लिहून सह्या घेतल्या तरी, सरांच्या वेळापत्रकात ग्रंथालयासाठी आठवड्याला निदान एक-दोन तासिका मोकळ्या नसतील तर पान नोटीस बोर्डावरच राहील. बहुतेक शाळांत ‘संगणक विभाग’ म्हणजे भरगच्च तास घेणारा एक शिक्षक, आणि ग्रंथपाल अर्धवेळ. तुमच्या बाई अर्धवेळ असतील तर त्या दोन तासिका त्यांच्या वेळेतच येतील असं बघा.