थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे आणि दाहशामक गोळ्या

प्रश्न : माझे वय ४६ वर्षे आहे. चार दिवसांपूर्वी माझी संपूर्ण थायरॉइड ग्रंथी काढण्यात आली. घरी सोडताना डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन लिहून दिले आहे. परंतु आयब्युप्रोफेनने रक्त पातळ होऊन टाक्यांतून रक्त येते, असे एका नातेवाइकांनी सांगितल्यापासून मी ती गोळी घेतलेली नाही. टाक्यांपेक्षा मानेची मागची बाजू आणि गिळताना घसा अधिक दुखतो. रात्री झोप लागत नाही. मी काय करावे?

उत्तर : आपल्या नातेवाइकांची शंका अगदीच निराधार नाही, फक्त तिची वेळ टळून गेली आहे. आयब्युप्रोफेनमुळे रक्तातील बिंबिकांचे (रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशींचे) एकमेकींना चिकटण्याचे काम काही तास मंदावते, आणि गोळीचा अंमल उतरला की ते पूर्ववत होते. (ॲस्पिरिनचा परिणाम मात्र त्या बिंबिकेच्या आयुष्यभर, म्हणजे ७ ते १० दिवस टिकतो, दोन्ही औषधांना एकाच मापाने मोजण्याची चूक येथूनच होते.) मानेत रक्त साचण्याचा धोका मुख्यतः शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या २४ तासांत असतो. त्यामुळे आपली प्रकृती ठाऊक असलेल्या शल्यविशारदांनी ही गोळी लिहून दिली असेल, तर चौथ्या दिवशी केवळ त्या भीतीपोटी ती टाळण्याचे कारण मला दिसत नाही.

आपण सांगितलेली दुखण्याची जागा बोलकी आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी मान बराच वेळ मागे ताणून ठेवावी लागते, त्यामुळे मागचे स्नायू आखडतात. भूल देताना श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे घसा सोलवटल्यासारखा होतो. या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी दाह, म्हणजे आतली सूज आहे आणि पॅरासिटामॉल दाहावर फारसे काम करीत नाही, आयब्युप्रोफेन मात्र करते. दोन्ही औषधांची कार्यपद्धती वेगळी असल्याने ती एकत्र दिल्यास कोणत्याही एका गोळीपेक्षा अधिक आराम पडतो आणि अफूवर्गीय तीव्र वेदनाशामकांची गरज बहुधा उरत नाही. दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळी गोळ्या घ्याव्यात आणि मग कमी कराव्यात. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे ध्यानात ठेवून २४ तासांतील त्याची एकूण मात्रा ४ ग्रॅमच्या पुढे जाऊ देऊ नये.

मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार, जठरातील व्रण, वेदनाशामकाने बळावणारा दमा, किंवा रक्त गोठू न देणारी वा रक्तदाबाची औषधे चालू असणे, यांपैकी काही आपल्याला लागू असेल आणि ते डॉक्टरांना सांगायचे राहिले असेल, तर आयब्युप्रोफेन सुरू करण्यापूर्वी त्यांना दूरध्वनी करावा.

वेळांचा घोळही टाळावा. थायरॉक्सिनची (काढलेल्या ग्रंथीच्या संप्रेरकाची उणीव भरून काढणारी) गोळी सकाळी उपाशीपोटी, आयब्युप्रोफेन जेवणानंतर, आणि कॅल्शियम दिले असल्यास ते थायरॉक्सिननंतर किमान ४ तासांनी घ्यावे.

मान फुगू लागणे किंवा श्वास घेण्यास त्रास होणे, ही लक्षणे दिसल्यास गोळी घेऊन थांबू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. ओठांभोवती व बोटांना मुंग्या येणे हे रक्तातील कॅल्शियम कमी झाल्याचे चिन्ह असते. तसे झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.