कॅरीसाठी, म्हणजे अंगावर बाळगायला, गन कोणती घेऊ: ग्लॉक ४३एक्स की सिग पी३६५ एक्सएल?

अरे, दोन्ही चांगल्याच आहेत, त्यामुळे चुकीची घेतली जाईल ही धास्ती आधी सोड. दोन्ही ९ एमएमच्या, दोन्ही बारीक, ४३एक्सच्या मॅगझिनमध्ये १० गोळ्या आणि एक्सएलच्या १२, एवढ्या दोन गोळ्यांवरून लोक रात्र रात्र भांडतात, तू नको त्यात पडूस. शूटिंग रेंजवर जा, दोन्ही भाड्याने घे आणि प्रत्येकीतून निदान एक बॉक्स, म्हणजे ५० राउंड मार. करंगळी ग्रिपवर बसते की खाली लोंबते, आणि पकड न हलवता तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर पोचतं का, एवढंच बघ. हातात बसेल ती घ्यायची, विषय संपला.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:

- सगळे पैसे गनवर उडवतात आणि होल्स्टर (गन ठेवायचं कव्हर) घेतात स्वस्तातलं कापडी. ट्रिगर पूर्ण झाकणारं, कायडेक्स या कडक प्लास्टिकचंच घे, सोबत जाड बेल्ट. ग्लॉकला बाजूला सेफ्टीचा खटका नसतो, एक्सएल खटक्यासकट पण मिळते, पण होल्स्टर दोन्हीला तेच लागतं. गन आत सरकवताना शर्टाचं टोक ट्रिगरपाशी अडकत नाही ना ते डोळ्यांनी बघ, घाई अजिबात नको.
- लाईट, ऑप्टिक (नेम धरायचं भिंग), नवीन ट्रिगर. सध्या राहू दे रे.
- टेक्सासमध्ये २०२१ पासून लायसन्सशिवाय कॅरी चालतं म्हणून लायसन्सचा क्लासच करत नाहीत. कर, बाहेरच्या बऱ्याच राज्यांत लायसन्स लागतंच.

आणि एच-१बीवर असशील तर काहीही घ्यायच्या आधी वकिलाला विचार, व्हिसावाल्यांना फेडरल नियम वेगळे आहेत.