वेगळ्या लोंबीपासून स्वतःचा वाण: धान उत्पादकांच्या प्रश्नांना उत्तर

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड, ब्रह्मपुरी व सिंदेवाही तालुक्यांतील धान उत्पादकांनी एकाच आशयाचे दोन प्रश्न विचारले आहेत. बांधीत (धानाच्या शेतात) वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्यांचे बियाणे स्वतंत्र वाढवावे काय, आणि कृषी केंद्रचालक सांगतात त्याप्रमाणे त्या तुकड्याला वाढीव युरिया व टॉनिक द्यावे काय? बियाणे जरूर वाढवावे. वाढीव युरिया व टॉनिक मुळीच देऊ नये.

याच नागभीड तालुक्यातील नांदेड गावी दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने 1983 मध्ये पटेल-3 वाणाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बियाणे अनेक हंगाम वेगळे लावून पारखले आणि त्यातून एचएमटी हा बारीक दाण्याचा धान उभा केला. अल्पभूधारकाला हे काम जमते, हे आपल्याच भागात सिद्ध झाले आहे.

निवड करताना धुऱ्यालगतचे किंवा मर पडलेल्या जागेशेजारचे चूड (एका जागी लावलेल्या रोपांचे झुबके) घेऊ नका. तेथे ऊन व अन्न जास्त मिळत असल्याने साधा वाणही दांडगा दिसतो. बांधीच्या मध्यातील, पूर्ण पक्व झालेल्या लोंब्या कापणीपूर्वी खुडा आणि प्रत्येक लोंबीचे दाणे हाताने काढून वेगळ्या पुडीत ठेवा, कारण मळणी यंत्रात आधीच्या शेतातील दाणे राहिलेले असतात. पुढील खरिपात एका लोंबीची एक ओळ, एका चुडात एकच रोप अशी रोवणी करा आणि ज्या ओळीत उंची, निसवण्याचा (लोंबी बाहेर पडण्याचा) काळ किंवा दाणा एकसारखा नसेल ती ओळ निर्दयपणे वगळा. धान स्वपरागी (स्वतःच्याच परागाने दाणे धरणारा) असला तरी शेजारच्या वाणापासून 3 मीटर अंतर राखा.

माझा सर्वाधिक आग्रह तुलनेच्या तुकड्याचा आहे. पुरेसे बियाणे जमले की नव्या धानाशेजारी मूळ वाण लावा; पऱ्ह्यांचे (रोपवाटिकेतील रोपांचे) वय, रोवणीचा दिवस, खत व पाणी दोहोंना सारखेच ठेवा आणि अशा जोड्या बांधीत किमान तीन ठिकाणी घ्या. प्रत्येक तुकडा एक गुंठ्याचा असल्यास हिशेब सोपा होतो, कारण हेक्टरमध्ये सुमारे 100 गुंठे असल्याने गुंठ्यामागील किलो म्हणजेच हेक्टरी क्विंटल. धान सारखा वाळवून मगच तोला, आणि एका चांगल्या हंगामावर निर्णय न घेता तीन हंगामांच्या नोंदी पाहा.

आता विक्रेत्यांच्या सल्ल्याविषयी. प्रयोगाच्या तुकड्याला जादा युरिया दिला, तर तुम्ही युरियाचा परिणाम मोजाल, बियाण्याचा नव्हे. शिवाय युरियातील जादा नत्राने पीक गर्द हिरवे व दाट होते, त्यावर करपा रोग व तपकिरी तुडतुडे ही कीड वाढते आणि पीक लोळते. शिफारशीइतकेच नत्र हप्त्यांनी द्या, शेवटचा हप्ता लोंबी गर्भात धरताना द्या आणि निसवल्यानंतर युरियाला हात लावू नका. कीटकनाशक, बुरशीनाशक व टॉनिक एकाच पंपात मिसळून देण्याचा सल्ला ऐकू नका. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक फवारल्यास कोळ्यांसारखे मित्रकीटक मरतात आणि तुडतुडे उलट वाढतात. चुडाच्या बुंध्याशी वाकून तुडतुडे मोजल्याशिवाय फवारणी नको. दुकानदाराने तुमची बांधी पाहिलेली नसते. पुन्हा सांगतो, शिफारशीपेक्षा जास्त मात्रा नको, आणि वेळ टळून गेल्यावर तर नकोच.

2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. स्वतःचे बियाणे जपण्याचा, देवाणघेवाणीचा व ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्कही त्यात आहे. अर्जासाठी कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधा. नमुना कोणालाही देताना तारीख व वजन लिहिलेली पोच घ्या आणि सगळे बियाणे एकाच वेळी हातचे सोडू नका.