१२३४५६७९ मधला ८ कुठे गेला?

तुम्ही विचारलंय की १२३४५६७९ ला ९ ने गुणलं की नऊ वेळा १ येतो, पण मधला ८ गाळावाच का लागतो. मला हे कोडं आमच्या दापोलीच्या दुकानात पडलेलं, मे महिन्यातली दुपार, लाईट गेलेली, गिऱ्हाईक नाही, गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरवर टाइमपास चालू होता. तो आठ आकडी, त्यात ही संख्या बरोब्बर मावते पण गुणिले ९ केलं की उत्तर नऊ आकडी होतं आणि स्क्रीनवर एरर. मग आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा फाडला आणि पेन्सिलने बसलो.

तुम्ही पण गुणू नका, उलटं भागा. १११११११११ भागिले ९. ११ ला भाग १, बाकी २. पुढचा १ खाली घेतला की २१, भाग २ बाकी ३. मग ३१, भाग ३ बाकी ४. असंच ४१, ५१, ६१, बाकी दर वेळी एकाने वाढते. ७१ ला भाग ७, बाकी ८. आता शेवटचा १ खाली घेतला की होतात ८१, आणि सवयीने आपण म्हणतो भाग ८ बाकी ९, पण भागतोय ९ नेच तर बाकी ९ कशी ठेवणार, तो ९ अजून एकदा जातो, म्हणून भाग ९ आणि बाकी शून्य. म्हणजे ८ कोणी गाळलेला नाहीये, त्याचाच ९ झालाय! मुद्दाम ८ घालून १२३४५६७८९ गुणिले ९ केलंत तर ११११११११०१ येतं, शेवटी घोळ.

१२३४५६७९ ही संख्या मूळ नाही बरं का, ३७ गुणिले ३३३६६७ आहे. अजून एक गंमत, ५ ने गुणलं तर ६१७२८३९५, यात ४ नाही. ७ ने गुणलं तर ८६४१९७५३, यात २ नाही. उत्तराच्या सुरुवातीला एक शून्य आहे असं धरा, मग ९ मधून गुणक वजा केला की जो येतो तोच आकडा गायब असतो (एक आकडी गुणक घ्या, ३, ६, ९ सोडून, ३ ने तर सरळ ३७०३७०३७ येतं).

आणि नऊ वेळा १ चा वर्ग करा, १२३४५६७८९८७६५४३२१, इथे ८ दोन्हीकडे शाबूत. असल्या संख्यांना गणिती द. रा. कापरेकरांनी डेमलो नाव दिलं, एका रेल्वे स्टेशनवरून. हे कापरेकर म्हणजे ६१७४ या संख्येमुळे (कापरेकर स्थिरांक) प्रसिद्ध असलेले, जन्म १९०५, डहाणूचा, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचा माणूस. आता दहा वेळा १ चा वर्ग करून बघा, १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. गुणाकार मांडला की मधल्या रकान्यात दहा १ येतात, त्या १० चा हातचा डावीकडच्या ९ वर, त्याचे झाले १०, त्याचा हातचा ८ वर, आणि डावीकडच्या ८ चा परत ९.