मंडई जागेवर आहे, गिऱ्हाईक कुठे गेले?

प्रश्न : लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा आमच्या घरातून दर रविवारी कुणीतरी महात्मा फुले मंडईत जाऊन आठवड्याची भाजी आणत असे. आता आम्ही सिंहगड रस्त्यावर राहतो. भाजी सोसायटीच्या फाटकाशी येते किंवा मोबाइलवरून मागवली जाते. मॉलमुळे मंडई मागे पडली असे सगळे म्हणतात, ते कितपत खरे आहे? आणि मंडईत भाजी स्वस्त मिळते, हा समज अजून धरून चालावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. मॉलवर हा दोष टाकणे मात्र अन्यायाचे होईल. मंडईला खरा धक्का बसला तो पुण्यात मॉल येण्याच्या कितीतरी आधी, घाऊक व्यापार तेथून उठून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला तेव्हा. तोपर्यंत आसपासच्या गावांतून आलेला माल मंडईच्या परिसरातच उतरत असे, आडत्यांमार्फत तो विकला जाई आणि त्याच परिसरात किरकोळ विक्रीसाठी मांडला जाई. माल उतरण्याची जागा आणि तो गिऱ्हाईकाच्या पिशवीत पडण्याची जागा जवळजवळ एकच असल्यामुळे मधली वाहतूक वाचत होती आणि मंडईच्या स्वस्ताईचे कारण बव्हंशी हेच होते.

१९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यानंतर बाजार समित्यांची स्वतंत्र, बंदिस्त आवारे महत्त्वाची ठरली, शहर वाढले, माल ट्रकने येऊ लागला आणि शुक्रवार पेठेतल्या गल्ल्यांना तो भार पेलणे अशक्य होत गेले. मुंबईतही तेच घडले. १८६९ पासूनच्या क्रॉफर्ड मार्केटमधला (तीही आता महात्मा फुले यांच्याच नावाची मंडई) घाऊक व्यापार १९९६ मध्ये नवी मुंबईत वाशीला हलवला गेला आणि मूळ इमारतीत किरकोळ बाजार तेवढा उरला.

आता भावाविषयी. मंडईतला गाळेधारक आणि आपल्या फाटकाशी हातगाडी लावणारा भाजीवाला हे दोघेही बहुधा पहाटे मार्केट यार्डातूनच माल उचलतात, त्यामुळे रोजच्या कांदा-बटाटा-टोमॅटोच्या भावात फार अंतर असण्याचे कारण राहिलेले नाही. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केल्यानंतर शेतकऱ्यांचे आठवडे बाजार शहरांतून भरू लागले, आणि केवळ स्वस्त भाजी हवी असेल तर घराजवळचा असा एखादा बाजार मंडईपेक्षा सोयीचा पडेल. जाण्या-येण्याचा रिक्षाखर्च धरला तर चार किलो भाजीसाठी सिंहगड रस्त्यावरून मंडई गाठणे हा आतबट्ट्याचाच व्यवहार आहे.

मंडईचे स्थलांतर हे काही नवे प्रकरण नाही, हे येथे सांगायला हवे. ही इमारत होण्यापूर्वी पुण्याची भाजी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात विकली जात असे. तो बाजार उठवून १८८६ मध्ये या अष्टकोनी, उंच मनोऱ्याच्या इमारतीत आणला गेला आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हटले गेले. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या बांधकामावरील खर्चाला विरोध केला होता. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९३८ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने मंडईला नाव मिळाले ते फुल्यांचेच. पुण्याला असल्या विसंगतींचे वावडे कधीच नव्हते!

मग आज मंडईत उरले काय? आपण सणाच्या आदल्या दिवशी एकदा जाऊन पाहावे. भोगीच्या आदल्या दिवशी पावटा, सोलाणे, गाजर, वांगी, बोरे आणि उसाचे करवे यांचे ढीग लागलेले असतात, आणि उंच ओट्यावर, भाजीच्या उतरंडीच्या मधोमध बसलेली विक्रेती मावशी “भोगीची मिसळ देऊ का?” असे विचारत प्रत्येकातले मूठमूठ एका पिशवीत भरून देते. गणपतीत पत्री आणि केवडा, श्रावणात अळूची पाने, एरवी चाकवत, अंबाडी, ओली हळद, आणि अलीकडे त्यांच्याच शेजारी ब्रोकोली नि झुकिनी, असा सगळा माल एका छपराखाली निवडून घेता येतो. वजन इलेक्ट्रॉनिक काट्यावर होते, पैसे ओट्याला चिकटवलेल्या क्यूआर कोडवर जातात; मात्र मिरची-कढीपत्ता वरून मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाने अजून सोडलेला नाही. आमच्या मते मंडई मागे पडली असे म्हणण्यापेक्षा रोजच्या भाजीचा बाजार हे तिचे रूप मागे पडून ती खास मालाची पेठ झाली आहे, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

या बदलाची झळ गाळेधारकांना बसते, हे खरेच आहे. वर्षातून पाच-सहा वेळा येणाऱ्या गिऱ्हाइकावर रोजचा नाशवंत माल खपत नाही. पेठांमधली जुनी कुटुंबे उपनगरांत गेली, गाडी लावायला जागा मिळेना, आणि ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या हा धंदा झाला त्यांची मुलेही ओट्यावर बसायला तयार होतातच असे नाही. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रोचे स्थानक झाले आहे, त्यामुळे पार्किंगची तक्रार थोडी कमी व्हावी. आपण स्वारगेटपर्यंत बसने येऊन तेथून मेट्रोने गेलात, तर पुढचेच स्थानक मंडईचे आहे. शक्यतो सकाळी लवकर जावे, पालेभाजी तेव्हाच निवडून घेता येते.